फॉर्ममधलं हिडन फील्ड तपासायचं कसं आणि एरर दाखवायची कुठं

फॉर्म भरला, सबमिट दाबलं आणि काहीच झालं नाही. लाल अक्षरं नाहीत, पुढचं पान नाही, बटण तेवढं दाबल्यासारखं हललं आणि गप्प. वेब डेव्हलपमेंट नवीन शिकणाऱ्याला हे कधी ना कधी भेटतंच, आणि बऱ्याचदा त्यामागं एखादं लपलेलं फील्ड असतंय. उलटा प्रकार पण होतो, म्हणजे फॉर्म खुशाल सबमिट होतो, आणि डेटाबेस उघडून बघावं तर महत्त्वाचा कॉलमच रिकामा. दोन्हीचं मूळ एकच आहे. हिडन फील्ड गिऱ्हाइकाला दिसत नाही, मग त्याची चूक त्याच फील्डपाशी दाखवून काय उपयोग? चूक दाखवायची ती जे डोळ्याला दिसतंय त्याच्याजवळ, आणि जी चूक गिऱ्हाइकाची नाहीच ती त्याच्या माथी मारायची नाही. खाली जे काय सांगणाराय ते सगळं ह्याच दोन गोष्टींभोवती फिरतंय.

उदाहरण कोल्हापूरचंच घेऊ. समजा चप्पल लाईनमधल्या एका दुकानासाठी ऑर्डरचा फॉर्म करायचाय. नाव, मोबाईल, पत्ता, पिनकोड ही नेहमीची खोकी आहेतच. त्याशिवाय कापशी, पुकरी, बक्कलनाली, कचकडी हे प्रकार फोटोवर टॅप करून निवडायचे, तालुका सर्चवाल्या ड्रॉपडाऊनमधनं निवडायचा, कागदावर पाय ठेवून पेन्सिलनं आखलेल्या मापाचा फोटो अपलोड करायचा, आणि डिलिव्हरीसाठी मॅपवर पिन टाकायची. धंद्याच्या नावानं बिल पाहिजे असेल तर टिक केल्यावर जीएसटी नंबरचं खोकं उघडतं. वरनं दिसायला एकदम नाद खुळा, पण आत बघितलं तर निम्मी माहिती हिडन फील्डमधनं जाते.

आणखी एक, कोडमधले शब्द मी इथं देवनागरीत लिहिलेत, एडिटरमध्ये ते अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे, नाहीतर कोणतरी खरंच मराठीत ‘इग्नोर’ लिहून बसायचं आणि मग चालत नाही म्हणून विचारत फिरायचं.

पायरी १ : कुठलं फील्ड कोण भरतंय ते आधी लिहून काढा

कोडला हात लावायच्या आधी कागद घ्या आणि फॉर्ममधली सगळी न दिसणारी फील्डं लिहा, आणि प्रत्येकापुढं लिहा की ह्यात व्हॅल्यू कोण टाकतंय.

काही फील्डं गिऱ्हाईकच भरतं, फक्त आडमार्गानं. फोटोवर टॅप केलं की स्क्रिप्ट ‘कापशी’ ही व्हॅल्यू हिडनमध्ये टाकते, मॅपवर पिन टाकली की अक्षांश-रेखांश दोन हिडनमध्ये जातात. हे रिकामं राहिलं तर गिऱ्हाइकाला सांगायला पाहिजे, कारण तो ते दुरुस्त करू शकतो.

काही फील्डं पान स्वतः भरतं. प्रॉडक्टचा आयडी, सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरनं आलाय ह्याची गुप्त खूण), कुठल्या जाहिरातीवरनं आला ती खूण. हे रिकामं असलं तर गिऱ्हाइकाला ‘प्रॉडक्ट आयडी आवश्यक आहे’ असं सांगून तो बिचारा काय करणार? त्याला तसलं काही दिसतच नाही.

आणि तिसरी म्हणजे एरवी साधी दिसणारी फील्डं जी आत्तापुरती लपवलीत, जसं की टिक न केल्यामुळं झाकलेलं जीएसटीचं खोकं किंवा दोन टप्प्यांच्या फॉर्ममधला दुसरा टप्पा. ही टाईप हिडन नाहीत, फक्त सीएसएसनं डिस्प्ले नन केलीत. ‘हिडन’ म्हणताना लोक ह्या तिन्हीची खिचडी करतात आणि मग एकाचं औषध दुसऱ्याला देतात. यादी केली की निम्मा घोळ तिथंच संपतोय.

पायरी २ : ब्राउझर स्वतःहून काय करतं ते बघून घ्या

एचटीएमएलमध्ये इनपुटला टाईप हिडन दिलं आणि वर रिक्वायर्ड लिहिलं तरी ब्राउझर त्याकडं ढुंकून बघत नाही. स्पेसिफिकेशननंच हिडन टाईपला तपासणीतनं वगळलंय. सेट-कस्टम-व्हॅलिडिटी वापरून तुम्ही त्याला एरर चिकटवली तरी चेक-व्हॅलिडिटी ‘ट्रू’च सांगणार. म्हणजे हिडनवर रिक्वायर्ड लिहून जे निवांत बसलेत त्यांचा फॉर्म रिकामाच जातोय.

डिस्प्ले नन केलेल्या साध्या टेक्स्ट इनपुटचं बरोबर उलटं आहे. त्यावर रिक्वायर्ड असेल तर ब्राउझर तपासतो, रिकामं आहे म्हणतो, सबमिट अडवतो, आणि मग त्या खोक्यावर कर्सर नेऊन एररचा बुडबुडा दाखवायला जातो तर खोकं जाग्यावर नाही. मग तो काहीच दाखवत नाही. क्रोममध्ये कन्सोल उघडला तर तिथं ‘ॲन इनव्हॅलिड फॉर्म कंट्रोल इज नॉट फोकसेबल’ अशी ओळ फील्डच्या नावासकट दिसते, पण कन्सोल तुम्ही बघणार, गिऱ्हाईक नव्हे. सुरुवातीला सांगितलेलं ‘काहीच झालं नाही’ ते हेच.

ह्याच्याबरोबर अजून एक लक्षात ठेवा, रीड-ओन्ली इनपुट पण तपासणीतनं वगळलेलं असतंय. तारीख कॅलेंडरमधनंच निवडावी, हातानं टाइप करू नये म्हणून कितीतरी जण ते खोकं रीड-ओन्ली करतात आणि वर रिक्वायर्ड लावतात. दिसतंय सगळं नीट, तपासणी मात्र शून्य. आणि डिसेबल्ड केलेलं फील्ड तपासलं पण जात नाही आणि सर्व्हरला पाठवलं पण जात नाही, हा गुण पुढं आपल्या कामाला येणाराय.

पायरी ३ : हिडन फील्डची खरंच गरज आहे का बघा

माझं स्पष्ट मत आहे की फोटोवर टॅप करून निवडायच्या प्रकाराला हिडन फील्ड लागतच नाही. तिथं रेडिओ बटणं वापरा. प्रत्येक चपलेच्या फोटोला लेबल करा, लेबलच्या आत रेडिओ ठेवा, सगळ्यांना एकच नाव द्या आणि रिक्वायर्ड लावा. फोटोवर टॅप केलं की रेडिओ आपोआप निवडला जातो, एक ओळ जावास्क्रिप्ट लागत नाही, कीबोर्डच्या बाणांनी पण प्रकार बदलता येतो आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला ‘कापशी, चारपैकी पहिला’ असं ऐकू पण येतं. हिडन फील्डवाल्या जुगाडात हे सगळं तुम्हाला हातानं लिहायला लागतं आणि लिहायचं राहून जातं.

फक्त रेडिओचा तो गोल ठिपका लपवताना डिस्प्ले नन करू नका, नाहीतर पायरी २ मधला तोच सापळा. त्याला पोझिशन ॲब्सोल्यूट द्या, ओपॅसिटी शून्य करा आणि फोटोच्याच चौकटीत ठेवा, म्हणजे लेबलला पोझिशन रिलेटिव्ह द्यायला विसरायचं नाही. असं केलं की ब्राउझरचा बुडबुडा बरोबर फोटोपाशी येतो. निवडलेल्या फोटोला जाड किनार चेक्ड ह्या सूडो-क्लासनं देता येते आणि फोकस आलेला दिसावा म्हणून वेगळी किनार पण द्या.

जीएसटीच्या खोक्याचं पण सोपं आहे. ते खोकं आणि कंपनीचं नाव एका फील्डसेटमध्ये घाला, टिक नसताना फील्डसेट लपवा आणि त्याचबरोबर त्याला डिसेबल्ड पण करा. फील्डसेट डिसेबल्ड झाला की आतलं सगळं आपोआप डिसेबल्ड होतं, तपासणी नाही, सबमिशनमध्ये पण नाही. टिक केलं की दोन्ही काढा. नुसतं लपवणं आणि नुसतं डिसेबल करणं असं अर्धवट करू नका, दोन्ही एकाच फंक्शनमध्ये ठेवा. आणि जाता जाता, जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो हे खरं, पण म्हणून ‘२७ नंच सुरू पाहिजे’ असा नियम घालू नका, निपाणी-बेळगावचा व्यापारी आला तर त्याचा २९ नं सुरू होणार, आणि कोल्हापूरच्या दुकानात ते गिऱ्हाईक काय नवीन नाही.

पायरी ४ : जेक्वेरी व्हॅलिडेशन वापरत असाल तर इग्नोर समजून घ्या

नवीन प्रोजेक्टला हा फॉर्म तपासायचा तयार जावास्क्रिप्ट प्लगइन लागतोच असं नाही, पण जुन्या साइटी सांभाळायचं काम मिळालं, आणि नवशिक्याला बहुतेक तेच मिळतं, तर हा समोर येणारच. ह्याच्या १.९ आवृत्तीपासनं एक बदल झालाय: इग्नोर ह्या सेटिंगची डीफॉल्ट व्हॅल्यू ‘:हिडन’ आहे. म्हणजे न दिसणारं काहीही असेल तर प्लगइन ते तपासतच नाही, तुम्ही नियम कितीही लिहा. मेसेज नाही, एरर नाही, नियम आहेत पण चालत नाहीत.

नेटवर ह्याचं जे उत्तर सगळीकडं मिळतं ते म्हणजे इग्नोरला रिकामा ॲरे द्या. चालतं. पण मग प्लगइन सगळंच तपासायला लागतो, नुसतं झाकलेलं, डिसेबल्ड न केलेलं जीएसटीचं खोकं पण, आणि साध्या गिऱ्हाइकाची ऑर्डर जीएसटी नंबर नाही म्हणून अडकते, तेही न दिसणाऱ्या मेसेजनं. त्यापेक्षा असं करा, जी हिडन फील्डं खरंच तपासायची आहेत त्यांना एक क्लास द्या, समजा ‘तपासा’, आणि इग्नोरमध्ये लिहा ‘:हिडन:नॉट(.तपासा)’. म्हणजे लपलेली सगळी सोड, फक्त ह्या क्लासवाली सोडू नको. एवढी एक ओळ आहे, पण पायरी १ मधली यादी केली नसेल तर क्लास कुणाला द्यायचा हेच कळत नाही.

दोन गोष्टी इथं अडतात. एक, फील्डला नेम ॲट्रिब्यूट पाहिजे, नुसता आयडी देऊन चालत नाही, प्लगइन नियम नावावरनं शोधतो. दुसरी, जेक्वेरीच्या लेखी हिडन म्हणजे ज्याला पानावर जागाच नाही ते: टाईप हिडन, डिस्प्ले नन, किंवा बापच लपलेला असेल तर पोरगं पण. ओपॅसिटी शून्य किंवा व्हिजिबिलिटी हिडन केलेलं मात्र ‘दिसतंय’ असंच धरलं जातं कारण ते जागा अडवतं. तालुक्याच्या ड्रॉपडाऊनला चोझन ही लायब्ररी लावली असेल तर ते मूळ सिलेक्ट डिस्प्ले नन करतं, म्हणून तपासणी होत नाही. सिलेक्टटू ह्या दुसऱ्या लायब्ररीची ४ नंबरची आवृत्ती मूळ सिलेक्ट एक पिक्सेलचं करून ठेवते, त्यामुळं ते तपासलं जातं. एकच फॉर्म, एकच नियम, ड्रॉपडाऊनची लायब्ररी बदलली की वागणं बदललं. ह्यात डोकं खराब करून घेण्याआधी इन्स्पेक्ट करून मूळ सिलेक्टचं काय झालंय ते बघा.

आणि हा प्लगइन लावला की तो फॉर्मवर नो-व्हॅलिडेट स्वतःच टाकतो, म्हणजे ब्राउझरचे बुडबुडे बंद. दोन्हीची अपेक्षा एकदम ठेवू नका.

पायरी ५ : एररला जागा द्या

खरी मारामारी इथं आहे, म्हणून जरा सावकाश.

प्लगइन असो की हातानं लिहिलेला कोड, सवय अशी असते की एररचा मेसेज फील्डच्या लगेच पुढं घालायचा. हिडन फील्ड कुठं असतंय? लोक फॉर्मच्या सुरुवातीला किंवा एकदम शेवटी सगळी हिडन एकत्र ठेवतात. मग होतं काय, गिऱ्हाइकानं चपलेचा प्रकार निवडला नाही आणि मेसेज आला सबमिट बटणाच्या खाली, किंवा पानाच्या टोकाला, ‘धिस फील्ड इज रिक्वायर्ड’. कुठलं फील्ड? आणि हिडन फील्ड एखाद्या डिस्प्ले नन डबड्याच्या आत असेल तर मेसेज पण त्याच डबड्यात जाऊन बसतो आणि कुणालाच दिसत नाही. सिलेक्टटूमध्ये अजून तिसरीच मजा, तो आपला खोका मूळ सिलेक्टच्या पुढं घालतो, त्यामुळं मेसेज त्या दोघांच्या मध्ये म्हणजे खोक्याच्या वर येतो आणि वरच्या फील्डचा वाटतो.

उपाय असा. प्रत्येक दिसणाऱ्या भागाखाली, म्हणजे फोटोंच्या ओळीखाली, मॅपखाली, माप-फोटोच्या बटणाखाली, एररसाठी एक रिकामा परिच्छेद आधीच ठेवा आणि त्याला आयडी द्या, ‘प्रकार-एरर’, ‘मॅप-एरर’ असं. मग हिडन फील्डवर एक डेटा ॲट्रिब्यूट ठेवा, त्याचं नाव समजा ‘डेटा-जागा’, आणि त्यात त्या परिच्छेदाचा आयडी लिहा. प्लगइनच्या एरर-प्लेसमेंट फंक्शनला एरर आणि एलिमेंट अशा दोन गोष्टी मिळतात. एलिमेंटला डेटा-जागा आहे का बघायचं, असेल तर एरर त्या परिच्छेदात टाकायची, नसेल तर नेहमीसारखी फील्डच्या पुढं. झालं. फॉर्ममध्ये उद्या अजून हिडन वाढली तरी फंक्शनला हात लावायला लागत नाही.

लाल किनारीचं पण तेच. प्लगइन एररचा क्लास हिडन फील्डलाच लावतो, तिथं लाल झालं काय आणि निळं झालं काय. हायलाईट आणि अनहायलाईट ही दोन फंक्शनं लिहून तो क्लास दिसणाऱ्या चौकटीला लावा आणि काढा. दोन्ही लिहा, फक्त हायलाईट लिहिलं की चूक दुरुस्त केल्यावर पण लाल तसंच राहतं. बूटस्ट्रॅप वापरत असाल तर तिथला इनव्हॅलिड-फीडबॅक हा क्लास मुळात लपलेला असतो आणि शेजारच्या इनपुटला इज-इनव्हॅलिड लागल्यावरच दिसतो. आपलं इनपुट तर शेजारी नाहीच, मग त्या परिच्छेदाला डी-ब्लॉक क्लास लावून सरळ दाखवा.

प्लगइन नसेल तर हाच विचार साध्या जावास्क्रिप्टमध्ये: सबमिट इव्हेंट पकडायचा, आधी जुन्या सगळ्या एरर पुसायच्या, मग ‘तपासा’ क्लासची फील्डं एकेक करून बघायची, चुकीची असेल त्याच्या डेटा-जागेत मेसेज लिहायचा, एक जरी चूक निघाली तर प्रिव्हेंट-डीफॉल्ट. जुन्या एरर पुसायचं विसरू नका, ते राहिलं की दुसऱ्या वेळी दाबल्यावर मेसेजांची रांग लागते.

मेसेजची भाषा पण गिऱ्हाइकाची ठेवा. ‘हे फील्ड आवश्यक आहे’ हे दिसणाऱ्या खोक्याखाली एकवेळ खपतं, हिडनला अजिबात नाही. ‘चपलेचा प्रकार निवडा’, ‘मॅपवर घराच्या जागी पिन टाका’ असं, म्हणजे हात कुठं न्यायचा ते कळलं पाहिजे.

पायरी ६ : दुरुस्त केल्यावर एरर गेली पाहिजे, आणि नजर तिथं गेली पाहिजे

स्क्रिप्टनं हिडनमध्ये व्हॅल्यू टाकली की चेंज किंवा इनपुट इव्हेंट आपोआप होत नाही. गिऱ्हाईक पिन टाकतंय, व्हॅल्यू आत गेली पण, आणि वर लाल अक्षरात ‘पिन टाका’ तसंच. तो परत परत पिन टाकत बसतो. म्हणून व्हॅल्यू टाकणाऱ्या ओळीला लागूनच प्लगइनचं व्हॅलिड हे फंक्शन त्या फील्डवर चालवा, किंवा हातानं चेंज इव्हेंट डिस्पॅच करा आणि त्यावर तपासणी ठेवा.

सबमिटनंतर पहिल्या चुकीपाशी पान न्यायचं काम प्लगइन करतो, पण फक्त दिसणाऱ्या फील्डसाठी, हिडन असेल तर तो सोडून देतो. तेव्हा इनव्हॅलिड-हँडलर लिहा, एरर-लिस्टमधलं पहिलं एलिमेंट घ्या, त्याची डेटा-जागा शोधा आणि त्या भागातल्या पहिल्या बटणावर किंवा लिंकवर फोकस द्या. मोबाईलवर फॉर्म लांबलचक असतोय, सबमिट तळाला आणि चूक वर चार स्क्रीन, फोकस दिला नाही तर परत ‘काहीच झालं नाही’. एररच्या परिच्छेदाला रोल अलर्ट द्या म्हणजे टॉकबॅक किंवा एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला मेसेज ऐकू येतो, आणि भागातल्या बटणाला ॲरिया-डिस्क्राइब्ड-बायमध्ये त्या परिच्छेदाचा आयडी द्या. हे हिडन इनपुटवर लावून काही फायदा नाही, तिथं स्क्रीन रीडर कधी जातच नाही.

दोन टप्प्यांचा फॉर्म असेल तर ‘पुढं’ बटण दाबल्यावरच तो टप्पा तपासा, तो डोळ्यासमोर असतानाच. शेवटी एकदम सगळं तपासायला गेलात की चूक मागच्या झाकलेल्या टप्प्यात. तरी खबरदारी म्हणून इनव्हॅलिड इव्हेंट फॉर्मवर ऐकून ठेवा, ज्या टप्प्यात चूक आहे तो उघडायला. तो इव्हेंट बबल होत नाही, म्हणजे फील्डवरनं वर फॉर्मपर्यंत चढत नाही, म्हणून लिसनरला कॅप्चर ट्रू द्यायला लागतं. नाही दिलं तर फंक्शन कधी चालतच नाही.

पायरी ७ : ‘रिकामं नाही’ म्हणजे ‘बरोबर आहे’ नव्हे

हिडन फील्डमध्ये कचरा फार लवकर जमतो कारण तो कुणाला दिसत नाही. स्क्रिप्टमधलं व्हेरिएबल भरलं नसेल तर फील्डमध्ये ‘अनडिफाइन्ड’ हा शब्दच अक्षरशः जाऊन बसतो आणि रिक्वायर्डचा नियम खूष, रिकामं नाही ना! अक्षांश-रेखांशाला कोणी सुरुवातीची व्हॅल्यू शून्य-शून्य दिलेली असते, ती पण पास होते आणि चपला निघतात आफ्रिकेच्या पश्चिमेला भर समुद्रात.

कोल्हापूर साधारण १६.७ उत्तर आणि ७४.२ पूर्व. आता गंमत बघा, ही दोन उलटी पडली, म्हणजे ७४.२ अक्षांश झाला, तरी ‘अक्षांश ९० च्या आत पाहिजे’ हा पुस्तकी नियम पास होतो आणि जागा जाते नॉर्वेच्या वरच्या समुद्रात. असं उलटं पडणं लई सोपं आहे, कारण लीफलेट ही मॅपची लायब्ररी आधी अक्षांश घेते आणि जिओजेसन हा मॅपच्या डेटाचा फॉरमॅट आधी रेखांश. तेव्हा नियम तुमच्या कामाचा घाला, भारतातच माल पाठवताय ना, मग अक्षांश ६ ते ३८ आणि रेखांश ६८ ते ९८. ढोबळ आहे, पण उलटापालट आणि शून्य दोन्ही ह्यात सापडतंय.

पिन टाकायच्या ऐवजी ‘माझं लोकेशन घ्या’ बटण दिलं असेल तर तिथं तीन वेगवेगळ्या कारणांनी फील्ड रिकामं राहतं आणि ब्राउझर कोड देऊन सांगतो: १ म्हणजे परवानगी नाकारली, २ म्हणजे जागा सापडली नाही, ३ म्हणजे वेळ संपली. तिन्हीला एकच मेसेज देऊ नका. परवानगी नाकारली असेल तर ‘लोकेशन बंद आहे, मॅपवर हातानं पिन टाका’ असं सांगा, वेळ संपली असेल तर ‘परत एकदा दाबा’. आणि साइट एचटीटीपीएसवर नसेल तर क्रोम लोकेशन देतच नाही, लोकलहोस्टवर मात्र देतो, म्हणून तुमच्या मशिनवर चालतं आणि सर्व्हरवर चढवलं की बंद.

मापाच्या फोटोचं असंच. फोटो मागच्या मागं अपलोड होतो आणि संपल्यावर त्याचा आयडी हिडनमध्ये येतो. आता गिऱ्हाईक राधानगरीच्या आतल्या गावात, रेंज एक काडी, फोटो निवडलाय, निम्मा गेलाय आणि त्यानं सबमिट दाबलं. हिडन रिकामं, मेसेज काय, ‘फोटो निवडा’. त्यानं निवडलाय की! इथं एक फील्ड पुरत नाही, अवस्था लक्षात ठेवायला लागते: निवडलाच नाही, जातोय, अडकला, पोचला. जात असताना सबमिट दाबलं तर ‘फोटो अजून अपलोड होतोय, जरा थांबा’ आणि अडकला तर ‘फोटो गेला नाही, परत पाठवा’ आणि शेजारी परत पाठवायचं बटण. बाकीचा भरलेला फॉर्म तसाच राहिला पाहिजे हे वेगळं सांगायला नको.

पिनकोडवरनं जिल्हा ओळखून हिडनमध्ये टाकायचा मोह पण होतो. ४१६ दिसलं की कोल्हापूर, असं करू नका, सांगलीचा ४१६४१६ आहे आणि सावंतवाडीचा पण ४१६ नंच सुरू होतो. हिडनमध्ये चुकीचा जिल्हा पडला तर गिऱ्हाइकाला तो कधी दिसणारच नाही. अंदाजानं भरलेली गोष्ट लपवायची नसते, दिसणाऱ्या खोक्यात टाका, चुकलं तर तो बदलेल.

पायरी ८ : सर्व्हरवर परत सगळं तपासा

हिडन म्हणजे सुरक्षित असा समज असेल तर आत्ताच काढून टाका. पानावर राइट क्लिक, इन्स्पेक्ट, हिडन इनपुटवर डबल क्लिक, किंमत दोन हजारची दोन रुपये, सबमिट. एवढंच आहे ते, हॅकर असायची गरज नाही, कॉलेजचं पोरगं पण करतंय. म्हणून किंमत हिडन फील्डमधनं घ्यायचीच नाही. फक्त प्रॉडक्टचा आयडी घ्या आणि किंमत डेटाबेसमधनं काढा. मध्ये एखादी व्हॅल्यू फिरवणं भागच असेल तर तिच्याबरोबर एचमॅक सही (सर्व्हरच्या गुप्त किल्लीनं केलेली खूण, व्हॅल्यू बदलली की जुळत नाही) पाठवा, पीएचपीमध्ये हॅश-एचमॅकनं सही करायची आणि परत आल्यावर हॅश-इक्वल्सनं ताडून बघायची, नाहीतर ती व्हॅल्यू सर्व्हरवरच राहू द्यायची.

चपलेचा प्रकार सर्व्हरवर यादीत आहे का बघा, पीएचपीचं इन-ॲरे वापरत असाल तर तिसरं आर्ग्युमेंट ट्रू द्या म्हणजे तुलना कडक होते. तालुक्यांची पण यादी ठेवा, आणि ‘तालुक्याच्या ड्रॉपडाऊनमधनंच निवडलंय, चुकीचं येईलच कसं’ हे मनात आणू नका. मापाच्या फोटोचा आयडी ह्याच गिऱ्हाइकानं अपलोड केलेल्या फोटोचा आहे का तेही बघा, नाहीतर आकडा बदलून दुसऱ्याचा फोटो जोडता येतो.

सर्व्हरनं चूक काढून फॉर्म परत दाखवला की हिडन व्हॅल्यू आणि दिसणारी अवस्था दोन्ही परत आल्या पाहिजेत. हिडनमध्ये ‘पुकरी’ आहे आणि फोटोला किनार नाही, असं झालं की गिऱ्हाईक दुसराच फोटो निवडतंय नाहीतर गोंधळून निघून जातंय. पान लोड झाल्यावर हिडनची व्हॅल्यू वाचून फोटोला किनार देणारं आणि मॅपवर पिन टाकणारं फंक्शन लिहून ठेवा. रेडिओ वापरले असतील तर हे पण काम वाचतं, चेक्ड लिहिलं की झालं.

राहिली पान स्वतः भरतं ती फील्डं. टोकन जुनं झालं असेल, लारावेल हे पीएचपीचं फ्रेमवर्क असेल तर ४१९ हा एरर कोड येतो, तर तो ‘पेज एक्स्पायर्ड’चा कोरा पडदा गिऱ्हाइकाला दाखवू नका. फॉर्म त्यानं भरलेल्या माहितीसकट आणि नव्या टोकनसकट परत दाखवा आणि वर एक ओळ: ‘पान बराच वेळ उघडं होतं, परत एकदा ऑर्डर पाठवा.’ प्रॉडक्ट आयडीच गायब असेल तर ती चूक आपली आहे, ती लॉगमध्ये लिहा आणि गिऱ्हाइकाला ‘आमच्याकडं अडचण आली’ एवढं सांगून दुकानाचा फोन नंबर द्या.

तपासून बघताना

सगळं झाल्यावर फॉर्म एकदा पूर्ण रिकामा सबमिट करा आणि मोजा, जेवढ्या चुका तेवढे मेसेज दिसतात का, आणि प्रत्येक मेसेज ज्याचा आहे त्याच्या खालीच आहे का. मग माऊस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डनं, म्हणजे टॅब, स्पेस आणि बाण वापरून फॉर्म भरून बघा. मग डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क हळू करून फोटो जात असतानाच सबमिट दाबा. मग हिडनमधल्या व्हॅल्यू हातानं बदलून पाठवा, सर्व्हरनं नाही म्हटलं पाहिजे. जीएसटीला टिक करा, काही न भरता टिक काढा, मग सबमिट करा, तिथं बरेच फॉर्म अडकतात. आणि जमलं तर घरातल्या कुणाच्या तरी हातात मोबाईल द्या, काहीही न सांगता, आणि त्यांचं बोट कुठं थांबतंय ते बघा.